हायड्रॉलिक पॉवर पॅकचे अनेक पर्याय : जोडणीची कागदपत्रे कशी ठेवावीत?

प्रश्न (भोसरीतील लघुउद्योजक) :
आमच्याकडे हायड्रॉलिक पॉवर पॅक (मोटार, पंप व तेलाची टाकी एकत्र असलेली, दाबाने तेल पुरवणारी यंत्रे) तयार होतात. ३, ५, ७.५ व १० एचपीच्या चार पोलच्या फ्लँज (बोल्टने बसवायची गोल कडा असलेल्या) मोटारी, पाच मापांच्या टाक्या, तीन प्रकारचे मॅनिफोल्ड (व्हॉल्व्ह बसवायचे, तेलाचे मार्ग असलेले ठोकळे) आणि व्हॉल्व्हची २४ व्होल्ट डीसी किंवा २३० व्होल्ट एसी कॉइल एवढेच पर्याय धरले, तरी १२० प्रकारची यंत्रे होतात. नव्या ऑर्डरसाठी मागील ऑर्डरची एक्सेल फाइल बदलून वापरली जाते, त्यामुळे जुन्या ग्राहकाचे एखादे फिटिंग नव्या यादीत तसेच राहून जाते. डिझाइनसाठी एकच इंजिनिअर असलेल्या कारखान्याने काय करावे?

उत्तर (डिझाइन इंजिनिअर) :
संपूर्ण यंत्राचे जोडणीपत्रक लिहिणे थांबवावे आणि सब-असेंब्लीची (यंत्राच्या स्वतंत्रपणे जोडता येणाऱ्या भागांची) पत्रके लिहावीत. फिटरच्या हाताचे काम जेथे खरोखर बदलते, तेथेच नवे पत्रक करावे. आपल्या ३ व ५ एचपी मोटारींच्या फ्रेम (मोटारीच्या मापाचा प्रमाणित क्रमांक) साधारणतः १०० व ११२ असतात, परंतु दोन्हींचा शाफ्ट २८ मिमी आणि प्रमाणित फ्लँज २५० मिमी असल्याने बेल हाउसिंग (मोटार व पंप यांना जोडणारा भाग) तेच चालते. ७.५ व १० एचपीला १३२ ची फ्रेम, ३८ मिमी शाफ्ट आणि ३०० मिमी फ्लँज येतो. म्हणजे चार मोटारींना दोनच पत्रके पुरतात. कॉइलचा व्होल्टेज केवळ वायरिंगच्या पत्रकावर परिणाम करतो. टाक्यांसाठी एकच पत्रक ठेवून सक्शन पाइपची लांबी तक्त्यात द्यावी. मॅनिफोल्डची तीन आणि वायरिंगची दोन धरून एकूण आठ पत्रकांत काम भागते.

उत्तर (उत्पादन व्यवस्थापक) :
वरील विभागणी योग्य आहे. मात्र कोणता पर्याय कोणत्या पर्यायासोबत चालत नाही, याचा तक्ता ऑर्डर स्वीकारणाऱ्याच्या टेबलावर असला पाहिजे. लहान टाकीच्या झाकणावर १३२ फ्रेमची मोटार बसत नाही, आणि बसवलीच तर थोड्या तेलात उष्णता साठते, हे फिटरला जोडणीच्या वेळी कळून उपयोग नाही. सॉफ्टवेअरची घाई करू नये. पार्ट नंबरची मूळ यादी एकाच ठिकाणी असेल आणि ती बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असेल, तर एक्सेलही पुरते.

उत्तर (गुणवत्ता विभाग) :
आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या ७.५ या कलमात दस्तऐवजांवरील नियंत्रण अपेक्षित आहेच, पण त्याहून निकडीची गरज सुट्या भागांची असते. ग्राहक काही वर्षांनी पंपाचे सील मागतो, तेव्हा त्याच्या यंत्रात प्रत्यक्ष काय बसवले होते, हे सिरियल नंबरवरून सापडले पाहिजे. म्हणून यंत्र रवाना होताना वापरलेल्या पत्रकांच्या रिव्हिजनसह (आवृत्ती क्रमांकासह) भागांची अंतिम यादी गोठवून ठेवावी. फिटरने पेनाने केलेली दुरुस्ती त्याच यादीत नोंदवावी. तो बदल कायमचा असेल, तरच मूळ पत्रक बदलावे.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. काम अर्धवट असताना पत्रकाचे रिव्हिजन बदलले, तर चालू ऑर्डरींना कोणते लागू करावे?

उत्तर (गुणवत्ता विभाग) :
नवे रिव्हिजन कोणत्या सिरियल नंबरपासून लागू आहे, हे पत्रकावरच छापावे. त्याआधीची यंत्रे जुन्या पत्रकानेच पूर्ण करावीत. बदल सुरक्षिततेचा असल्यास मात्र काम थांबवून सर्व यंत्रांत तो करून घ्यावा.