मदत हवी आहे: डेस्कटॉपला दोन वाय-फाय अ‍ॅडॉप्टर, फायबर गेलं की सगळं अडतं

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. डेस्कटॉपवर विंडोज १०. आतलं वाय-फाय कार्ड फायबरच्या राउटरला जोडलंय आणि यूएसबी अ‍ॅडॉप्टर मोबाइलच्या हॉटस्पॉटला. रस्त्याच्या कामावर जेसीबी आला की फायबर गेलंच समजा, म्हणून ही सोय.

दोन्ही जोडलेले असले की विंडोज मनानेच वाट निवडायचं आणि मोबाइलचा डेटा दुपारीच संपायचा. मग दोघांचं ऑटोमॅटिक मेट्रिक (कुठली जोडणी आधी वापरायची ते ठरवणारा आकडा) काढून कार्डाला १० आणि यूएसबीला ५० दिलं. ज्याचा आकडा कमी, त्याला आधी मान. एवढं जमलं.

खरी अडचण पुढे आहे. फायबर तुटतं, पण राउटर चालूच राहतो. कार्ड 'कनेक्टेड' दाखवतं, विंडोज तिथेच रेटत बसतं, हॉटस्पॉटकडे वळतच नाही. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला दुकानात गर्दी असताना कार्ड हाताने डिसेबल करत बसावं लागतं. नेट खरंच चालू आहे का हे तपासून आपोआप कार्ड बंद-चालू करणारी बॅच फाइल किंवा पॉवरशेल स्क्रिप्ट कोणाकडे आहे का?

आणखी एक. यूएसबी दुसऱ्या पोर्टात लावलं की ते 'वाय-फाय ३' होतं आणि मेट्रिक पुन्हा ऑटोमॅटिक. पोर्ट बदलला तरी सेटिंग टिकवता येते का?

दोन अ‍ॅडॉप्टर लावून स्पीड दुप्पट करायचा नाही मला, तो सल्ला नको भाऊ. नवीन राउटर घ्यायचं बजेटही सध्या नाही, सोयाबीन विकल्यावर पाहू.