ॲब्सोल्यूट बॅटमॅन दर महिन्याला घ्यावा की खंडाची वाट पाहावी? आणि डायमंड बुडाल्यामुळे नक्की कोण बुडालं?

गॉथमपेठ (पुणे):

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बॅटमॅन आतापर्यंत फक्त सिनेमांतून माहीत होता. दिवाळीच्या सुट्टीत मित्राने 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' या डीसीच्या कॉमिक मालिकेचा पहिला खंड 'द झू' वाचायला दिला आणि मी हललो. ब्रूस वेनकडे वाडा नाही, पैसा नाही. वडील शाळेत शिक्षक होते, ते प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात गेले. आई हयात आहे. तो स्वतः शहराच्या नोकरीत इंजिनिअर. छातीवरचं वटवाघूळ काढलं की कुऱ्हाडीचं पातं होतं! आणि किलर क्रॉक, पेंग्विन, रिडलर हे एरवीचे खलनायक इथे त्याचे लहानपणचे दोस्त, अजून बिघडलेले नाहीत. त्यांच्या पत्त्यांच्या डावाचं पान मी पुन्हा पुन्हा काढून बघतो, कारण त्यांचं पुढे काय होणार याचीच धास्ती वाटते.

आता प्रश्न. एक, पुढचं सुटे अंक घेऊन वाचावं की खंडाची वाट बघावी? मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, तो येताना थोडे अंक आणू शकेल. दोन, डायमंड नावाची वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली म्हणून 'अमेरिकन कॉमिक्सचा धंदा आटोपला' असं जो तो लिहितोय. मग मी नेमका आत्ता यात शिरून काय करू? तीन, मार्व्हलच्या अल्टिमेट विश्वातल्या मालिका बंद होतायत. डीसीच्या ॲब्सोल्यूट मालिकांचंही तेच होणार का?

---

शाईचा_डाग (ठाणे):

खंड घे. सुटा अंक ४.९९ डॉलरचा, वीस पानांच्या आसपास गोष्ट, पंधरा मिनिटांत संपतो. सहा अंकांचे होतात तीस डॉलर आणि तेवढंच खंडात कितीतरी स्वस्तात मिळतं. डिजिटल चालत असेल तर किंडलवर बघ. बाकी व्हेरिएंट कव्हरच्या नादी लागू नकोस, एकाच अंकाला दहा मुखपृष्ठं काढतात आणि लोक दहाही घेतात. विक्रीचे जे मोठमोठे आकडे येतात ते त्यातूनच.

---

बुधवारी_दुकानात (मेरीलँड):

गॉथमपेठ, तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यावर मला मनापासून बोलायचं आहे. मी हिशेबतपासनीस आहे, कॉमिक्स कॉलेजपासून वाचते, आणि डायमंडचं मुख्यालय जिथे होतं ते हंट व्हॅली बाल्टिमोरच्या उत्तरेला, माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. १४ जानेवारी २०२५ ला त्यांनी दिवाळखोरीच्या कायद्यातल्या चॅप्टर ११ खाली अर्ज केला तेव्हापासून मी हे प्रकरण जवळून वाचते आहे.

'धंदा आटोपला' हे चूक आहे. डायमंड १९८२ साली स्टीव्ह गेप्पी यांनी सुरू केली. १९९४ च्या अखेरीस मार्व्हलने हीरोज वर्ल्ड ही वितरण कंपनी विकत घेऊन स्वतःचा माल स्वतः वाटायचं ठरवलं. घाबरून डीसी, इमेज, डार्क हॉर्स या प्रकाशकांनी फक्त डायमंडमार्फतच माल वाटण्याचे करार केले. कॅपिटल सिटी हा दुसरा मोठा वितरक १९९६ मध्ये डायमंडमध्येच विलीन झाला. हीरोज वर्ल्डला काम झेपलं नाही आणि १९९७ मध्ये मार्व्हलही मुकाट्याने डायमंडकडे आलं. पुढची वीसेक वर्षं अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉमिक्सच्या दुकानात माल यायचा तो एकाच दारातून.

ते दार २०२० मध्ये बंद झालं. कोविड आला आणि एप्रिलपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत डायमंडने नवे अंक पाठवणंच थांबवलं. डीसीने थांबायला नकार दिला, दुसरे वितरक उभे केले आणि जूनमध्ये डायमंडशी कायमचा काडीमोड घेतला. आता डीसीचे अंक ल्यूनर वाटते, इंडियानातल्या फोर्ट वेनची कंपनी. २०२१ च्या ऑक्टोबरात मार्व्हल पेंग्विन रँडम हाउसकडे गेलं, मागून आयडीडब्ल्यू आणि डार्क हॉर्स गेले, २०२३ मध्ये इमेज ल्यूनरकडे. म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज झाला तेव्हा तुझा बॅटमॅन त्या गोदामात नव्हताच. ॲब्सोल्यूट बॅटमॅन क्रमांक १ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, पुन्हा पुन्हा छापावा लागला, आणि त्यानंतर तीनेक महिन्यांत डायमंड कोसळली. लागोपाठ या दोन्ही गोष्टी झाल्या, यावरूनच कळेल की वाचक कुठे गेलेला नाही.

मग बुडालं कोण? छोटे प्रकाशक. आणि हे ज्या रीतीने झालं त्याचा मला हिशेबाच्या माणसाचा म्हणून संताप येतो.

छोट्या प्रकाशकांचा बराचसा माल डायमंडच्या गोदामात कन्साइनमेंटवर पडलेला असायचा. म्हणजे पुस्तकं प्रकाशकाच्याच मालकीची, डायमंड फक्त सांभाळणार, विकली की आपला वाटा ठेवून पैसे देणार. दिवाळखोरीनंतर डायमंडने कोर्टाकडे परवानगी मागितली की हा मालही विकू द्या आणि आलेले पैसे घेणेकऱ्यांना जाऊ द्या. सगळ्यात मोठं देणं जेपीमॉर्गन चेस बँकेचं. शंभराहून अधिक प्रकाशकांचा माल त्या यादीत होता. डायनामाइट, टायटन यांच्यासारखी नावं कोर्टात उभी राहिली. ज्यांनी कधी कोर्टाचं तोंड पाहिलं नव्हतं तेही वकील शोधत फिरले.

कायद्याची मेख अशी. माल कन्साइनमेंटवर दिला की यूसीसी-१ नावाचा एक फॉर्म सरकारदरबारी दाखल करायचा असतो. त्यातून जगाला कळतं की हा माल ज्याच्या गोदामात आहे त्याचा नाही. तो दाखल नसेल तर गोदामवाल्याला कर्ज देणारी बँक म्हणू शकते, गोदामातलं सगळं आमच्याकडे तारण आहे. आता चार माणसांच्या प्रकाशन संस्थेत, जिथे संपादकच खोकी बांधतो, तिथे कोणाला हा फॉर्म माहीत असणार? वर्षानुवर्षं व्यवहार सुरळीत चालला होता. पुस्तक स्वतः छापलं, छपाईचं बिल स्वतः भरलं, चित्रकाराला मानधन दिलं, आणि आता ती पुस्तकं विकून बँकेचं कर्ज फेडायचं! त्याशिवाय आधी विकलेल्या अंकांचे थकलेले पैसे वेगळेच. त्यासाठी ते बिनतारणी घेणेकऱ्यांच्या रांगेत, म्हणजे सगळ्यात शेवटी.

कंपनीच्या लिलावातही धड काही झालं नाही. ज्या कंपनीची बोली पहिल्यांदा वरचढ ठरली तिचा सौदा फिसकटला, मग तुकडे करून दोघांना विकावी लागली.

म्हणून माझं सांगणं आहे की 'कॉमिक्स मेली' म्हणू नका. त्याने बॅटमॅनचं काही बिघडत नाही, पण छोट्या प्रकाशकाचं पुस्तक घ्यायला निघालेला माणूस थबकतो.

शाईचा_डाग, व्हेरिएंटबद्दल. आकडे फुगतात हे खरं. एकास पंचवीस असं व्हेरिएंट असेल तर दुकानदाराला ते एक मिळवायला साध्या मुखपृष्ठाच्या पंचवीस प्रती मागवाव्या लागतात, आणि बहुतेक माल परत करता येत नाही. जाहीर होतो तो आकडा दुकानांना किती गेले याचा असतो. पण ॲब्सोल्यूटच्या यशाला तेवढंच कारण नाही. आमच्या दुकानात दर बुधवारी मी पाहते, पूर्वी कधी न आलेली मुलं येतात आणि तेराव्या-चौदाव्या अंकालाही येत राहतात. मुखपृष्ठ जमवणारा पहिला अंक घेऊन जातो. चौदावा घेतो तो वाचक.

आता तुझा पहिला प्रश्न. ॲब्सोल्यूट बॅटमॅन शक्य असेल तर अंकांतूनच वाच. चित्रकार निक ड्रगॉटा पानावर बारक्या चौकटी ठासून भरतो, श्वास कोंडतो, आणि पान उलटलं की अख्ख्या पानभर तो अगडबंब बॅटमॅन. खंडातही हे दिसतंच. पण लेखक स्कॉट स्नायडर अंक जिथे तोडतो तिथे महिनाभर थांबण्यात गंमत आहे. बेन (Bane) या खलनायकाचं प्रकरण नवव्या अंकापासून सुरू होतं. ते मी एका बैठकीत वाचलं असतं तर इतकी धडकी भरली नसती. ब्रूसच्या मित्रांचं जे होतं ते पचवायला मध्ये दिवस लागतात.

भावाकडून आणायचेच तर सातव्यापासूनचे अंक आणि डॅनियल वॉरन जॉन्सनने लिहून-काढलेला २०२५ चा ॲन्युअल, म्हणजे वार्षिक अंक, आण. सात आणि आठ हे मिस्टर फ्रीझ या खलनायकाचे अंक, चित्रं मार्कोस मार्तीनची, ती सोडू नकोस.

---

जुना_अंक (बंगळूर):

ताईंनी डायमंडचं इतकं नीट सांगितलं, आभार. पण अल्टिमेटबद्दल माझा राग आहे. 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' जानेवारी २०२४ ला सुरू झाला. पस्तिशीतला पीटर, मेरी जेनशी लग्न झालेलं, दोन मुलं, काका बेन जिवंत. इतक्या वर्षांत असा पीटर मिळाला नव्हता. मस्त खपत होतं. आणि आता गाशा गुंडाळतात? गॉथमपेठची शंका रास्त आहे. उद्या ॲब्सोल्यूटही असंच गुंडाळतील.

---

बुधवारी_दुकानात (मेरीलँड):

जुना_अंक, अल्टिमेटचा शेवट पहिल्यापासून कथेतच होता. मेकर, म्हणजे २००० सालच्या जुन्या अल्टिमेट विश्वातला बिघडलेला रीड रिचर्ड्स, स्वतःच्या नगरात कोंडला गेलाय आणि ठरलेल्या मुदतीनंतर तो बाहेर येणार, ही घंटा सुरुवातीलाच वाजली होती. शिवाय लेखक जोनाथन हिकमनने नियम घातला की दोन अंकांच्या मध्ये कथेतही एक महिना जातो. म्हणून त्या घरातली मुलं खरोखर मोठी होताना दिसतात. डिसेंबर २०२५ ला डेनिझ कॅम्पचा पाच अंकी 'अल्टिमेट एंडगेम' आला तो त्या मुदतीलाच धरून. चांगली चाललेली मालिका तिच्या कथेच्या शेवटाशी थांबवणं मार्व्हलला सहसा जमत नाही. इथे जमतंय, आणि मला ते फार आवडलंय. मला पीटरचं घर सोडवत नाही, पण ते वीस वर्षं ओढून, घटस्फोट घडवून, मुलं पुसून टाकलेली मला बघायची नाहीत.

ॲब्सोल्यूटची रचना वेगळी आहे. डार्कसाइड या महाखलनायकाच्या शक्तीतून घडलेलं जग, जिथे नायकांकडून त्यांचे आधार काढून घेतलेत. ब्रूसचा पैसा गेला. डायनाचं, म्हणजे वंडर वुमनचं, बेट गेलं, तिला नरकात सर्सी या चेटकिणीने वाढवलं. केली थॉम्प्सन आणि हेडन शर्मन यांच्या त्या 'ॲब्सोल्यूट वंडर वुमन'ला २०२५ चं सर्वोत्तम नव्या मालिकेचं आयझ्नर पारितोषिक मिळालं. त्यात डायना नरकात वाढूनही इतकी प्रेमळ आहे की बॅटमॅनपेक्षाही मी आधी तो अंक उघडते. आणि मागणी असेल तर डीसी मालिका वाढवते याचा पुरावा 'ॲब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर'. सहा अंकांचीच ठरली होती, ती बारा अंकांची केली. हावियेर रॉड्रिगेझ चित्रं आणि रंग दोन्ही स्वतः करतो. माणसांच्या मनातले विचार रंगीत धुरासारखे रस्त्यावर दिसतात. ही एक मालिका मोबाइलवर वाचू नका, कागदावर घ्या.

---

गॉथमपेठ (पुणे):

ताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. अंक सात ते चौदा आणि ॲन्युअल भावाला सांगितलेत. मार्शियन मॅनहंटर मला माहीतच नव्हता, त्याचा खंड इथेच शोधतो. छोट्या प्रकाशकांसाठी इथून काय करता येईल? महिन्याला पुस्तकांसाठी साधारण हजार रुपये निघतात, त्याहून जास्त नाही.

---

बुधवारी_दुकानात (मेरीलँड):

हजारात पुष्कळ होतं. डीसीची जुनी पुस्तकं कॉम्पॅक्ट मालिकेत घे. आकार साडेपाच बाय साडेआठ इंच, किंमत ९.९९ डॉलर, चित्रं थोडी लहान दिसतात पण वाचायला झकास. त्यात स्नायडरचंच २०११ मध्ये सुरू झालेलं 'कोर्ट ऑफ आउल्स' आहे, ते आधी वाच. मग त्याने ॲब्सोल्यूटमध्ये स्वतःच रचलेलं काय काय मोडलंय ते दिसेल.

त्यातून जे वाचेल ते दोन-तीन महिन्यांनी एका छोट्या प्रकाशकाच्या पुस्तकावर घाल, आणि शक्यतो थेट त्यांच्याच संकेतस्थळावरून. अनेक जण डिजिटल प्रती स्वतः विकतात, त्याला टपालखर्चही नाही आणि पैसा मधल्या गोदामात अडकत नाही. छापील नवा अंक हवा असेल तर भावाला सांग की त्याच्या दुकानात आधी नाव नोंदव. दुकानदाराची अंतिम मागणी अंक येण्याच्या तीनेक आठवडे आधी बंद होते. छोट्या प्रकाशकाचा अंक दुकानदार तेव्हा मागवेल तेवढाच येतो, नंतर कोणी विचारलं तरी त्याच्याकडे नसतो. तुझ्या भावाची ती एक नोंद त्या दुकानातल्या मागणीचा आकडा शून्यावरून एकावर नेते, आणि किती छापायचे ते प्रकाशक या आकड्यांवरूनच ठरवतो.