अकरा जणांनी मिळून प्राग बघता येतं का?

अर्धाकप

मागच्या महिन्यात आम्ही अकरा जण ड्रेस्डेनहून प्रागला जाऊन आलो. सगळे मास्टर्सचे, सगळे मराठी, त्यातले सहा पहिल्या सेमिस्टरचे. शुक्रवारी संध्याकाळची बस, रविवारी रात्री परत. होस्टेलची खोली बारा खाटांची. बारावा माणूस कुठला होता कोण जाणे, त्याची मी अजून मनातल्या मनात माफी मागतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. अकरा जणांनी मिळून शहर बघता येत नाही. एकमेकांना बघता येतं, बस्स. त्यासाठी सीमा ओलांडायची गरज नव्हती, आमच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर पुरलं असतं.

शनिवारी नऊला निघायचं ठरलं, निघालो पावणेअकराला. न्हाणीघरं दोन, एकाचा चार्जर हरवलेला, आणि एकीला मेतकूट-भात खाल्ल्याशिवाय बाहेर पडायचं नव्हतं. जुन्या चौकातल्या त्या १४१० सालच्या घड्याळाखाली धापा टाकत पोचलो. तास वाजला, सांगाड्याने घंटा ओढली, खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून गेले, कोंबडा आरवला. एक मिनिटही लागलं नाही. आठ जण शूटिंग करत होते आणि दोघं त्या आठांचं शूटिंग करत होते. मग किल्ला. सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली संपलं. ५८५ वर्षं! आम्ही ते बारा मिनिटांत उरकलं, त्यातली सात मिनिटं हरवलेल्या एकाला शोधण्यात गेली.

तिथून योसेफोव्ह, म्हणजे जुनी ज्यू वस्ती. बंद. शनिवार त्यांचा शब्बाथ, ज्यू संग्रहालयाची सगळी ठिकाणं त्या दिवशी बंद असतात. हे आधी बघायला हवं होतं, चूक माझीच. पण बंद दारासमोर कुणीतरी म्हणालं, "मग बाहेरूनच ग्रुप फोटो काढू ना." आणि काढला.

रविवारी पुन्हा गेलो तेव्हा अकरातले चारच आत आले. पिंकस सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, जवळजवळ ८० हजार ज्यूंची नावं आहेत, हाताने लिहिलेली. नाव, जन्मतारीख, शेवटची माहीत असलेली तारीख. जमिनीपासून छतापर्यंत. वरच्या मजल्यावर नाझींच्या टेरेझीन छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं. बाहेर आलो तर बाकीचे सात जण साखर लावलेला तो गोल पाव खात बसले होते. एकाने विचारलं, "कसं होतं? वर्थ होतं का?"

त्या "वर्थ"वर मी अजून अडकलोय. पुढच्या वेळी दोघं, फार तर तिघं. बोला.

खेकडा

पूर्ण असहमत. कॉलेजात असताना गणपतीपुळ्याला सहल गेली होती ना? देवळाचा कळस कसा होता, आठवतंय? बसच्या मागच्या सीटवर कोण कोणाशेजारी बसलं होतं ते मात्र पक्कं आठवत असेल. सहल त्यासाठीच असते.

तुझ्या अकरातले सहा जण ऑक्टोबरपासून बारा चौरस मीटरच्या खोलीत एकटे वरण-भात खातायत. चार वाजता अंधार पडणारा हिवाळा त्यांनी पहिल्यांदाच काढलाय. त्यांना प्राग नकोच होतं, त्यांना अकरा जण हवे होते. आणि "दोघं-तिघं" ही श्रीमंतांची भाषा आहे भाऊ. बारा खाटांची खोली स्वस्त का पडली, याचा हिशेब कर.

मिरजेची_मंजू

मला या विषयावर बोलायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, कारण मी तिकडे नाही. मुलगा आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवायला आम्ही घर गहाण टाकलं. त्याला त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. आणि त्याच्या स्टेटसला दर महिन्याला नवीन पूल, नवीन नदी, नवीन चर्च. व्हिएन्ना झालं, बुडापेस्ट झालं, प्राग झालं.

खोटं कशाला बोलू, फोटो बघून आधी पोटात गोळा येतो आणि मग मी बदाम पाठवते. शेजारणी म्हणतात, "मजा आहे हो तुमच्या पोराची." हो, आहे. हप्ता आमचा आहे.

खेकडा

मंजूताई, रागावू नका. पण तो मजा करतो ती बहुतेक त्याच्याच पैशांची असते. इथे विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. गोदामात खोकी उचलून, रात्रपाळी करून तो दोन दिवस बाहेर पडत असेल. खोकी उचलतानाचा फोटो कोणी स्टेटसला ठेवत नाही, म्हणून तुम्हाला फक्त पूल दिसतात.

मिरजेची_मंजू

गोदामात जातो हे मला माहीत नव्हतं. म्हणजे इथल्या कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण... असो. विचारते त्याला.

व्लतावाकाठी

प्रागमध्ये सहा वर्षं राहतोय. धागाकर्त्याशी अर्धा सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. तुम्ही शहर बघता की एकमेकांना, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. मला रात्री साडेअकराला खिडकीखाली "झिंगाट" ऐकू येतं, त्याच्याशी आहे. आपलीच पोरं, म्हणून जास्त लाज वाटते. पर्यटकांच्या दंग्याला कंटाळून महापालिकेने २०२४ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात दारूच्या गुत्त्यांच्या आयोजित फेऱ्यांवर बंदी आणली. ती मुख्यतः गोऱ्या टोळक्यांसाठी होती, हे खरं. पण आपण फार मागे आहोत असं समजू नका.

दुसरं, तो गोल पाव. त्रदेल्निक. "पारंपरिक चेक" अशी पाटी लावून विकतात. माझ्या ऑफिसातला एकही चेक माणूस त्याला शिवत नाही. गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठीच त्याचं पेव फुटलंय. नाक्यावरच्या मनी एक्स्चेंजचा भाव बघून पैसे बदलले असतील तर त्याबद्दल मी काहीच बोलत नाही, दुखावर डागणी नको.

तिसरं. दरवर्षी इतके भारतीय विद्यार्थी इथे येतात, पण प्रागच्याच देयवित्से भागात कोणी जात नाही. तिथे तंत्रविद्यापीठाच्या आवारालगतच्या रस्त्याचं नाव ठाकुरोवा आहे, म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांचा रस्ता. ते १९२१ आणि १९२६ साली इथे येऊन गेले. मेट्रोने थोडीच स्टेशनं. पण यादीत नसतं ना!

जुना_मास्तर

आम्ही उभयता सहासष्टाव्या वर्षी टूर कंपनीबरोबर चौदा दिवसांत नऊ देश केले, त्यामुळे घाईबद्दल इतरांना बोलायचा अधिकार मी गमावून बसलो आहे. व्हॅटिकन आमच्या सौभाग्यवतींनी बसमधून झोपेत केले.

मात्र अर्धाकप यांनी त्या घड्याळावर अन्याय केला आहे, ते सांगतो. वरच्या खिडक्यांतल्या बाहुल्या ही नंतरची जोड. खरी गंमत खाली तबकडीत. त्यात सूर्य कोणत्या राशीत आहे ते दिसते, चंद्राची कला दिसते, सूर्योदय-सूर्यास्त दिसतो. बाहेरच्या कड्यावर जुने बोहेमियन तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजतात, म्हणजे दिवस संपला की त्यांचा एक वाजायला लागतो. अहो, हे पंचांग आहे, भिंतीवर टांगलेले! आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यांच्याकडे सूर्यास्ताला, फरक इतकाच. बाहुल्यांसाठी जमलेली गर्दी तास वाजल्यावर पांगते. तेव्हा तिथे उभे राहावे, कोणी धक्का मारत नाही. मी चाळीस मिनिटे उभा होतो. आमची बस चुकता चुकता राहिली आणि गाइड माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही.

अवांतर: आमच्या पिढीला चेक देश पायात आणि बुडाखाली माहीत होता. बाटाचे बूट आणि जावा मोटारसायकल.

शेंद्रा_ते_बोलेस्लाव

मास्तर, त्यात आमची स्कोडाही घ्या की. कामानिमित्त मी म्लादा बोलेस्लावला, स्कोडाच्या गावी, तीन महिने होतो, प्राग तिथून तासाभरावर. पहिल्या शनिवारी मीही सगळं धावत केलं, घड्याळ-पूल-किल्ला, पायाला फोड. पुढच्या शनिवारी काहीच बघायचं शिल्लक नव्हतं म्हणून नुसता ट्राममध्ये बसलो, २२ नंबर. किल्ल्यामागून गेली आणि पुढे साधी वस्ती लागली. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, आजोबा कुत्र्याला ओरडतायत. तिथपासून मला ते गाव आवडायला लागलं.

त्यामुळे माझं मत असं की पहिली धावपळ करून टाकावी. ती अंगातून निघून गेल्याशिवाय माणूस शांत बसत नाही. अकरा जण असोत नाहीतर एक.

शेवयांची_खीर

मी अकरातली एक. मेतकूट-भातवाली.

अर्धाकप, नाव घेत नाही तुझं, पण एकोणीस ठिकाणांची यादी कुणी केली होती? रंगीत खाने पाडून? प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहून? कॅथेड्रलपुढे तूच "१५" लिहिलं होतंस, म्हणजे आपण तीन मिनिटं वाचवली. आता इथे येऊन घाईवर निबंध लिहितोस.

रविवारी पहाटे पाचला मी उठून चार्ल्स पुलावर गेले. त्याची पायाभरणी १३५७ साली ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी केली अशी कथा आहे. आकडे ओळीने मांडले की १-३-५-७-९-७-५-३-१. कुणा ज्योतिषाने काढलेला मुहूर्त म्हणे. खरं-खोटं चार्ल्स राजा जाणे, पण मला त्याच मिनिटाला तिथे उभं राहायचं होतं. पहिल्या सेमिस्टरची एक मुलगीही आली. पुलावर आम्ही दोघी, झाडूवाला आणि तीस पुतळे. तिथे तिने सांगितलं की ती पहिल्याच परीक्षेत नापास झालीय. घरी सांगितलेलं नाही, आपल्यातही कुणाला नाही. (हे इथे लिहायला तिची परवानगी घेतलीय.)

तिला घरून प्रागला पाठवलं ते "सगळे आहेत ना बरोबर?" या एका प्रश्नावर. दोघं-तिघं जाणार असतो तर ती आलीच नसती. मलाही पहिल्या वर्षी हेच उत्तर द्यावं लागलं होतं. मुलग्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तुला सुचला नाही.

आणि ते सात जण. त्यातल्या दोघांकडे रविवारी दुपारी चेक कोरुना मोजक्याच उरल्या होत्या. तिकीट काढलं असतं तर जेवण नव्हतं. गोल पाव खात होते ना, ते सात जणांत दोनच होते. तू बाहेर आलास, त्यांच्याकडे बघितलंस आणि एकही शब्द न बोलता पुढे चालायला लागलास. कुणी आत का आलं नाही, हे विचारलंस?

अर्धाकप

नाही विचारलं.

पैशांचं खरंच लक्षात आलं नाही. तिकिटाचं मी आधीच वर्गणीत धरायला हवं होतं. यादी माझी होती, कबूल. पहिलं परदेशी शहर होतं, काही सुटू नये असं वाटत होतं. मिनिटं लिहिली ती बारावीपासूनची सवय.

पण "वर्थ होतं का" विचारणारा त्या दोघांपैकी नव्हता, हेही तुला माहीत आहे. आणि पुलावर तुम्ही दोघीच होतात, अकरा जणी नव्हे. मग माझाच मुद्दा सिद्ध झाला की.

शेवयांची_खीर

दोघीच होतो कारण नऊ जण झोपले होते. पण ते नऊ जण होते म्हणून आम्ही दोघी तिथे होतो. हे तुला कळेपर्यंत तुझी पदवी हातात येईल.

खेकडा

+१. आणि सीमेवरचं कुणी सांगितलंच नाही! मला आतल्या गोटातून कळलंय.

अर्धाकप

आतला गोट कोण ते कळलं. सांगतो. २०२४च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय. परतताना बसमध्ये पोलीस चढले आणि आमच्यातल्या एकाचा पासपोर्ट ड्रेस्डेनला, उशीखाली. नुसतं रहिवासी कार्ड घेऊन आला होता. पंचवीस मिनिटं बस थांबली, अख्खी बस आमच्याकडे बघत होती. शेवटी सोडलं. दुसऱ्या देशात जाताना पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही लागतं, हे मी ग्रुपवर तीनदा लिहिलं होतं. यादीच्या वर.

व्लतावाकाठी

यादीच्या वर म्हणजे कुणी वाचलं नाही.

जुना_मास्तर

पिंकस सिनेगॉगबद्दल एक राहिले. ती नावे पन्नासच्या दशकात लिहिली होती. १९६८नंतर ती जागा बरीच वर्षे बंद ठेवली गेली आणि भिंतींवरची नावे गेली. १९८९च्या सत्तांतरानंतर नव्वदच्या दशकात सगळी पुन्हा हाताने लिहिली. दोनदा. ड्रेस्डेनहून प्रागला रेल्वेने आलात तर टेरेझीन वाटेत जवळच आहे.

मिरजेची_मंजू

मुलाला विचारलं. हो म्हणाला, गोदामात जातो, नोव्हेंबरपासून. "तू काळजी करशील म्हणून नाही सांगितलं." मी काही बोलले नाही. प्रागचे फोटो पुन्हा मागवलेत, सगळे. त्यात तो एकाही फोटोत एकटा नाही, तेवढं बघून घेतलं.

शेंद्रा_ते_बोलेस्लाव

पुढची सहल कुठे मग?

अर्धाकप

मे महिन्यात गोर्लित्स. जर्मनी तिकिटात, म्हणजे आमच्या महिन्याच्या प्रवासी पासात, बसतं, त्यामुळे कुणाच्या खिशाला वेगळी चाट नाही. नाइसा नदीवरचा पूल चालत ओलांडला की पोलंड. संध्याकाळी परत. यादी नाही. पासपोर्ट बसायच्या आधी मी स्वतः बघणार.

शेवयांची_खीर

आणि जण किती?

अर्धाकप

आत्तापर्यंत चौदा.