मदत हवी आहे: मॉडेल रॉकेटचं पॅराशूट आतच राहतं, मोटर मागून निसटते

कागदी नळी 25 मिमी, लांबी 45 सेंमी, मोटर (घन इंधनाची, एकदाच वापरायची) सी6-5, मोटरसकट वजन 80 ग्रॅम. उड्डाण सरळ जातं, इजेक्शन चार्जही (पॅराशूट बाहेर ढकलणारी मोटरमधली दारू) वेळेवर फुटतो. पण नोज कोन (नाकाची टोपी) हलतच नाही. मोटर मागे फेकली जाते आणि रॉकेट नाकावर आदळतं. फार जीव लावून केलेलं मॉडेल आहे हो!

मोटरला हूक (ती मागे निसटू न देणारी पट्टी) नाही, मास्किंग टेपचे दोनच वेढे. कोन धरून रॉकेट हलकेच झटकलं तरी सुटत नाही. दमट हवेने नळी फुगली असावी. कोनाचा खांदा (नळीत बसणारा भाग) 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासू का? पॅराशूटला टाल्कम पावडर लावतोच. मोटरची नळी चिकटवून झाली आहे. आता हूक कसा बसवायचा?