आत्याच्या स्ट्रिपमधली एक गोळी

दादा: परवाच्या मेडिकलचा रिपोर्ट आला. युरिन टेस्टमध्ये ‘बेन्झो’समोर पॉझिटिव्ह. हा काय प्रकार? मी आयुष्यात ड्रग्जला हात लावलेला नाही!

वहिनी: आणि हे मला ग्रुपवर कळतंय. छान.

मी: दादा, बेन्झो म्हणजे बेन्झोडायझेपिन. झोपेच्या, घबराटीच्या बऱ्याच गोळ्या त्यात येतात. आमच्या लॅबमध्ये रोज असे नमुने येतात. काही घेतलं होतंस का?

दादा: इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री झोप येईना म्हणून आत्याची एक घेतली. पण टेस्टच्या चार दिवस आधी!

आत्या: म्हणजे ती तू घेतलीस होय! मी आपली सारखी स्ट्रिप मोजतेय. सात हव्यात, सहाच भरतायत. म्हटलं, आता डोकंही चाललं आपलं.

काका: चार दिवस राहते होय? मी झोपेसाठी झोल्पिडेम घेतो, माझ्या टेस्टमध्ये तर काहीच आलं नव्हतं.

मी: काका, झोल्पिडेम बेन्झो नाहीच, युरिन टेस्टच्या त्या पट्टीवर ते दिसत नाही. आत्याचं आहे डायझेपाम. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच 20 ते 50 तास लागतात, आणि त्यापासून शरीरात जे नॉरडायझेपाम तयार होतं ते त्याहून रेंगाळतं. गंमत म्हणजे क्लोनाझेपाम, लोराझेपाम हे दुसरे बेन्झो याच पट्टीतून बरेचदा निसटतात.

काका: मग भरपूर पाणी पिऊन जायचं ना.

मी: नमुन्यात वरून पाणी मिसळलं तर कळावं म्हणून तो दिला की चार मिनिटांच्या आत तापमान बघतात, 32 ते 38 अंश सेल्सिअस हवं. आणि क्रिएटिनिन, म्हणजे लघवीतून रोज बाहेर पडणारा एक टाकाऊ पदार्थ, डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असलं की खूप पाणी प्यायल्याचा संशय येतोच. आणि काका, तुमचा पेग आणि ती गोळी एका रात्री नको. श्वास मंदावतो.

दादा: मी दुसरी टेस्ट मागू का?

मी: माग. पट्टीवर कधी कधी डिप्रेशनवरचं सर्ट्रालिनसुद्धा बेन्झो म्हणून दिसतं, म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक तपासणीवर खात्री करतात. पण तू गोळी खरंच घेतलीयस. तिथेही पॉझिटिव्हच येणार.

दादा: आत्याचं प्रिस्क्रिप्शन दाखवतो मग.

मी: ते आत्याच्या नावावर आहे रे. फॉर्मवर ‘सध्या घेत असलेली औषधं’ असा रकाना होता ना? काय लिहिलंस?

दादा: ‘काही नाही.’

वहिनी: 🤦

मी: आता फोन करून जे झालं ते सरळ सांग. नवी गोष्ट रचू नकोस.

आत्या: जळो मेली ती गोळी. आजपासून बंद!

मी: आत्या, थांब! रोज घेतेस? कधीपासून?

आत्या: हे गेले तेव्हापासून. सहा वर्षं झाली.

मी: मग एकदम बंद अजिबात करायची नाही. फिट येऊ शकते. डॉक्टर मात्रा थोडी थोडी उतरवत नेतात, महिनेही लागतात.

वहिनी: आत्या, गेल्या महिन्यात पहाटे बाथरूमला जाताना तुमचा तोल गेला होता. याच्यामुळे तर नाही?

मी: असू शकतं. वय वाढलं की हे औषध शरीरातून आणखी हळू जातं. आत्या, शुक्रवारी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. स्ट्रिप बरोबर घे. तोवर जशी चालू आहे तशीच.

आत्या: बरं. सहा आहेत. झोपताना परत मोजणार आहे.