अनुभव धागा: हंगामाचा पैसा आणि मोबाईलवरची घाई

धागा सुरू करणारी, रत्नागिरी

आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच घरांत पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, एकदम येतो. आंब्याचा हिशेब मे संपता संपता होतो. 1 जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी होडीवरचे वाटे पडतात. जहाजावरचा माणूस करार संपवून घरी येतो तेव्हा खात्यात कित्येक महिन्यांची कमाई असते. नेमकं तेव्हाच कुठला तरी व्हिडिओ नाहीतर ग्रुप "आत्ता घेतलंत तरच" म्हणत समोर येतो. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. जूनमध्ये ठेव मोडायला आलेल्याला कारण विचारलं की पूर्वी घराची कौलं, लग्न, मुलांची फी असं उत्तर मिळायचं. आता बरेच जण मोबाईलच पुढे करतात. पैसे त्यांचे, मी अडवू शकत नाही, आणि त्याचा मला फार त्रास होतो. म्हणून हा धागा.

शेअर असो, क्रिप्टो असो, जागा असो, सगळं चालेल. खबर कोणाकडून आली, पैसे कुठल्या वाटेने गेले, कशामुळे वाचले, ते लिहा. माणसांची आणि चॅनलांची नावं घालू नका, रीत सांगा. रीत कळली की दुसऱ्याला ओळखता येते.

पावस, बागायतदाराची मुलगी

आमच्या बाबांना कोणी फसवेल असं गावात कुणाला वाटलं नसतं. दलालाच्या पट्टीत (हिशेबाच्या चिठ्ठीत) एक पेटी कमी लागली तरी वाशीला फोन लावणारा माणूस. त्यांना कुणीतरी एका ग्रुपमध्ये घातलं. नाव मोठ्या परदेशी फंडासारखं. रोज सकाळी नमस्कार, बाजार उघडायच्या आधी "आजचा शेअर", संध्याकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट. सुरुवातीला बाबांनी नुसतं पाहिलं. सांगितलेले शेअर खरंच वर जात होते, कारण तेव्हा सगळा बाजारच वर जात होता. मग ग्रुपवाल्यांनी लिंकवरून उतरवायचं एक ॲप दिलं. त्यात दहा हजार टाकले, त्याचे बारा झाले आणि ते बारा हजार बाबांच्या खात्यात परतही आले. तिथे त्यांचा विश्वास बसला. पुढे आंब्याचे चार लाख गेले.

ॲपमध्ये आकडा अकरा लाखांच्या वर दिसत होता. काढायला गेल्यावर "आधी 20 टक्के कर भरा" असा निरोप आला. तेव्हा कुठे त्यांनी मला सांगितलं. मी पासबुक घेऊन बसले. चार वेळा पैसे पाठवलेले आणि चारही वेळा खातं वेगळं: एक कुठल्या एंटरप्रायझेसचं, दोन ट्रेडर्सची, एक तर साध्या माणसाच्या नावाचं. खऱ्या ब्रोकरचं खातं असं दर वेळी बदलत नाही. नफ्यावरचा कर आपण सरकारला भरतो. तो ब्रोकरच्या खात्यात आगाऊ भरल्याशिवाय आपलेच पैसे मिळणार नाहीत, असा नियम कुठेही नाही. मी तिथेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावला आणि सायबर पोर्टलवर तक्रार घातली. शेवटच्या हप्त्यातले काही पैसे समोरच्या बँकेत गोठले. आधीचे तीन हप्ते तोवर पुढे सरकले होते.

बाबा कितीतरी दिवस बागेत गेले नाहीत. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी त्या माणसावर ओरडू नका एवढं कळकळीने सांगते. ओरडा पडेल या भीतीनेच बाबांनी दुसऱ्या हप्त्यानंतर आलेली शंका आमच्यापासून लपवली होती.

धागा सुरू करणारी

पावसच्या ताईंनी पासबुकातली नावं पाहिली, ते फार मोलाचं आहे. पैसे पाठवायच्या आधीही हे पाहता येतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी वेगळे यूपीआय आयडी आणले आहेत, त्यात 'व्हॅलिड' हा शब्द आणि बँकेचं नाव असतं. 'सेबी चेक' या त्यांच्याच ऑनलाइन सोयीवर समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक टाकून पडताळता येतो. आमच्याकडे कोणी विचारलं तर मी काउंटरवरच करून दाखवते.

दापोली तालुका, सध्या जहाजावर

2021 मध्ये आमच्या जहाजावर मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. डोजकॉइन, एक क्रिप्टो नाणं. इलॉन मस्क 8 मेच्या रात्री अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाईट लाईव्ह' मध्ये येणार, त्या रात्री नाणं डॉलर गाठणार, असं जो तो सांगत होता. आमच्या इंजिनरूममधल्या मोटरमनने घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. सत्तर सेंटच्या पुढे गेलेलं नाणं कार्यक्रम चालू असतानाच घसरायला लागलं आणि पन्नास सेंटच्या आसपास आलं. जी बातमी जगातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होती, तिच्यावर ज्यांना कमवायचं होतं त्यांनी आधीच घेऊन ठेवलेलं होतं. आमच्यासारखे त्यांना गिऱ्हाईक मिळाले.

त्यात आमची वेगळी अडचण. जहाजावरच्या नेटचा कोटा संपला की संपला. त्याला विकायचं होतं तेव्हा ॲपच उघडेना, नुसतं चक्र फिरत होतं. पुढच्या बंदरात सिम मिळेपर्यंत नाणं आणखी खाली. पुढे त्याने दुसऱ्या नाण्यात थोडं कमावलं, पण 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर लागला आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हे कुठल्याही व्हिडिओत त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कुडाळ, किराणा दुकान

आमच्याकडे खबर यूट्यूबवरून थेट येत नाही, गणपतीला मुंबईहून येते. 2024 च्या गणपतीत आरती झाल्यावर ओटीवर सगळी गजाल शेअरचीच. चुलतभाऊ एका छोट्या कंपनीचा शेअर सांगत होता. "घेऊन टाक, नायतर मागे रवशील." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने स्वतःचेही घातले होते. घरच्या माणसाने सांगितलं की आपण उलटतपासणी करत नाही, कारण ते बरं दिसत नाही. माझ्या धाकट्या भावाने दीड लाखाचे घेतले.

त्याच सप्टेंबरच्या अखेरीस निफ्टी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, 26,200 च्या वर गेला होता. फेब्रुवारी 2025 संपताना तो 22,100 च्या आसपास होता. लहान कंपन्यांची पडझड त्याहून मोठी. आमचा शेअर रोज सकाळी बाजार उघडला की लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवशी भाव जास्तीत जास्त जितका पडू देतात तिथे. मी धाकट्याच्या मोबाईलवर पाहिलंय: विकणाऱ्यांच्या बाजूला हजारो शेअर रांगेत आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. व्हिडिओत "केव्हाही विका" म्हणतात, पण घेणाराच नसेल तर विकणार कोणाला? शिमग्याला चुलतभाऊ गावी आला तेव्हा तो आणि धाकटा एकमेकांशी धड बोलले नाहीत. पैशापेक्षा ते मला जास्त लागलं.

साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर वाचा. यूट्यूबवर त्या कंपनीबद्दल खोट्या बातम्यांचे व्हिडिओ टाकून लोकांना घ्यायला लावलं आणि भाव चढल्यावर आतल्यांनी आपले शेअर त्यांच्या गळ्यात मारले, असं सेबीने मार्च 2023 च्या आदेशात नोंदवलं आहे. म्हणजे व्हिडिओ बघून घेणारा हाच त्यांचा खरेदीदार होता.

चिपळूण, आई

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. शेअर बाजारातल्या ऑप्शनचा, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरच्या सौद्यांचा, कोर्स लावला, खोलीचं भाडं त्यात गेलं. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये काढलेला अभ्यास मी त्याच्यासमोर ठेवला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या 93 जणांचा तोटा, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. तो म्हणाला, "मी उरलेल्या सातांत असेन." याला मी काय उत्तर देऊ ते अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं असेल तर सांगा.

गुहागर, भूमी अभिलेखमधून निवृत्त

सगळे शेअरबद्दल लिहीत आहेत, मी जागेबद्दल लिहितो, कारण इथे बुडालेली रक्कम मोठी असते आणि फसलेला माणूस बाहेर बोलत नाही. ड्रोनने काढलेली रील असते. निळं पाणी, माड, "सी-व्ह्यू प्लॉट, शेवटचे तीन". खाली रेवस-रेडी सागरी महामार्ग आणि चिपी विमानतळ यांची नावं. पुण्या-मुंबईची माणसं टोकन भरतात आणि मग सातबारा दाखवायला माझ्याकडे येतात.

एक उतारा अजून डोळ्यांसमोर आहे. भोगवटादारांच्या रकान्यात सतरा नावं, त्यातली निम्मी मयत, वारस नोंदी झालेल्या नाहीत, इतर हक्कात कुळाचं नाव. क्षेत्र सामाईक, वाटप झालेलं नाही. आणि रीलमध्ये त्याच जमिनीवर चुन्याने आखलेले वीस प्लॉट. विकणाऱ्याकडे सतरांपैकी तिघांचं कुलमुखत्यारपत्र होतं. म्हणजे घेणाऱ्याला प्लॉट मिळतच नव्हता, मिळत होता सतरा जणांच्या भांडणातला वाटा. रस्ता जिथून दाखवला होता तो शेजाऱ्याच्या बांधावरून जाणारा पायवाटेचा माग; नकाशात नाही, सातबाऱ्यावरही नाही.

पुढे ऐका. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, लागू होतं, म्हणजे समुद्र जितका जवळ दिसतो तितकी घर बांधायची शक्यता कमी. बिनशेती लेआउट अगदी लहान नसेल तर महारेराचा (प्लॉट-इमारतींचे प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक जाहिरातीतच हवा. रीलमध्ये तो दिसला नाही तर टोकन भरू नका. सातबारा, आठ-अ आणि फेरफार घरबसल्या ऑनलाइन दिसतात. त्यानंतर तलाठ्याला भेटा, आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्यांशी बोला. जमिनीवर तंटा असेल तर तो त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो. ज्याने आमच्याकडे "टोकन भरण्याआधी आलो" असं म्हटलं, त्याला मी दुपारभर बसवून सगळं समजावलं आहे, आणि पुढेही समजावीन.

हर्णै, मासळीचा व्यवसाय

भाच्याने मलाही शेअरच्या तसल्याच एका ग्रुपमध्ये घातलं होतं. आमच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो तेव्हा माल समोर असतो, घेणारा समोर असतो. म्हणून मी ग्रुपमध्ये एवढंच विचारलं, की इतका नफा होतोय तर तो पैसा कोण देतंय? तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. भाच्याने तो स्क्रीनशॉट पाहिला आणि आपले उरलेले पैसे भरले नाहीत.

पावस, बागायतदाराची मुलगी

पुन्हा लिहिते. आमचे गोठलेले पैसे आपोआप परत येणार नाहीत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं पोलिसांनी सांगितलं. अर्ज तयार करतेय. तक्रारीचा पोचपावती क्रमांक, बँकेचा खातेउतारा आणि ग्रुपमधल्या गप्पांच्या छापील प्रती काढून ठेवल्या आहेत. इथे कुणाला असा आदेश मिळाला असेल तर अर्जाला आणखी काय जोडलंत, वकील लावावा लागला का, ते लिहा. बाबा हा धागा वाचताहेत.