कॉलेज संपायच्या आत लग्नाचं विचारायचं आहे. कासचा बेत बरोबर आहे का?

यवतेश्वरचा वारा
साताऱ्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वय 23. ती माझ्याच वर्गात. कोरेगावहून रोज एसटीच्या पासवर येते. एस.वाय.पासून आम्ही बरोबर आहोत. माझ्या आईला अंदाज आलाय, तिच्या घरी कुणालाच माहीत नाही. परवा तिच्या मावशीनं तिच्या तोंडावर सांगितलं की तुळशीचं लग्न लागलं की स्थळं बघायला सुरुवात करायची. म्हणून मला त्याच्या आत रीतसर विचारायचं आहे.

बेत असा: सप्टेंबरच्या अखेरीस कास पठार. सहा मित्रमैत्रिणी आधी जाऊन थांबतील. मी तिला नुसतं फुलं बघायला म्हणून नेणार. तिथं गुडघ्यावर बसून अंगठी पुढं करायची, एकजण व्हिडिओ घेईल. मंगल कार्यालयात दोन सीझन वाढप्याचं काम करून साडेअकरा हजार साठवलेत. सोनं तोळ्याला लाखाच्या वर, म्हणून अंगठी चांदीची. तिला यातलं काहीच माहीत नाही. मला हे एकदाच करायचंय आणि नीट करायचंय. कुठं चुकत असेल तर सांगा.

माहुलीकर
मला दोन मुली आहेत, म्हणून बापाच्या जागेवरून लिहितो. तुझी भावना खरी आहे. पण मुलीच्या घरी पहिला प्रश्न एकच असतो, पोरगं करतंय काय? त्याला आज तुझ्याकडे उत्तर नाही. आधी डिग्री, मग कामधंदा, मग मागणी. तू आज विचारलंस आणि ती हो म्हणाली, तर येणारं प्रत्येक स्थळ तिला एकटीला अडवायला लागेल. तू हॉस्टेलवर, ती घरात. तो ताण तिच्या वाट्याला येणार आहे. वर्षभर थांब.

शेंद्र्याची पोरं
काका, वर्षभर थांबायचं कुणी? दिवाळीनंतर तिच्या घरात पोह्यांच्या बशा फिरायला लागल्या की हा काय करणार? मुहूर्त सुरू झाले की आपल्याकडं महिन्याभरात सुपारी फुटते. माझ्या सख्ख्या मित्राचं असंच झालं. नोकरी लागल्यावर बोलू म्हणाला, नोकरी लागली तोवर ती एका पोराची आई होती. दादा, तू विचार. लवकर विचार.

शाहूपुरीची ताई
माझं म्हणणं वेळेबद्दल नाही, सहा मित्र आणि व्हिडिओबद्दल आहे.

मी बी.कॉम.ला असताना मला गॅदरिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं गेलं. मुलगा चांगला होता, मला आवडायचाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तो नव्हताच. समोर दोनशे चेहरे, हातात मोबाईल, आणि शिट्ट्या. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला जागाच नव्हती. विचार करून सांगते, एवढंसुद्धा म्हणता आलं नाही. तेवढं म्हटलं असतं तरी त्याचा अपमान झाला असता आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी वाईट ठरले असते. चार महिन्यांनी आम्ही वेगळे झालो. तो व्हिडिओ मात्र फिरत फिरत माझ्या चुलतभावाच्या मोबाईलवर पोचला. त्यानंतर माझं शेवटचं वर्ष कसं गेलं ते इथं लिहीत नाही.

तुझ्या मैत्रिणीच्या घरी अजून माहीत नाही, असं तूच लिहिलंस. मग व्हिडिओ कशाला? सहा मोबाईलमधला एक जरी स्टेटसला गेला तरी कोरेगावात पोचायला संध्याकाळ होत नाही.

कराडची वहिनी
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे दरवेळी दडपण, हे मला पटत नाही. माझ्या आईला कुणी विचारलंच नव्हतं. पाच माणसं आली, पोहे खाल्ले, चालून दाखव म्हणाले, आणि परसात आजोबांनी आजीला सांगितलं की ठरलं. आईला ते स्वयंपाकघरात कळलं. मला माझ्या नवऱ्यानं प्रीतिसंगमावर मैत्रिणींसमोर विचारलं. त्या दिवशी मला वाटलं की आमच्या घरात तीन पिढ्यांत पहिल्यांदा एका बाईचं मत कुणीतरी मोठ्यानं मागितलं. हा माझ्या मानाचा प्रसंग होता. माझ्याकडे त्याचा फोटो आहे, मी तो मुलीला दाखवते. या मुलाला तो आनंद का नाकारायचा?

शाहूपुरीची ताई
वहिनी, तुमच्या आईचं वाचून गलबललं. पण एक सांगा, त्या दिवसाआधी तुमचं दोघांचं लग्नाबद्दल बोलणं झालं होतं ना?

कराडची वहिनी
हो. वर्षभर बोलत होतो. कुठं राहायचं, माझी नोकरी, सासूबाईंचं आजारपण, सगळं.

शाहूपुरीची ताई
मग मी हेच म्हणतेय. तुमचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत होतं, म्हणून माणसं सोबतीला वाटली. हिला काहीच कल्पना नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कटगुणचं मूळ असलेल्या जोतिबा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू वराला सुनावते की आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्य कधी मिळालंच नाही, ते देण्याची आधी शपथ घे. म्हणजे मांडवात उभं राहून अट घालणारी ती आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिला बोलायला जागा ठेवली होती. तुझ्या बेतात तिच्या वाट्याला फक्त हो हा शब्द आलाय.

पठारावरचा
कासबद्दल बोलतो, लहानपणापासून तिथं जाणं-येणं आहे. पश्चिम घाटाबरोबर 2012 मध्ये कास जागतिक वारशात गेलं. हंगामात आधी ऑनलाइन बुकिंग लागतं आणि ठरलेल्या वाटेनंच चालायचं असतं. तिथं जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, त्यावरच ती सगळी फुलं. सीतेची आसवं तर बोटभर उंचीची असतात. गुडघा टेकायला वाटेबाहेर एक पाऊल टाकलंस तरी काहीतरी चिरडणार, आणि तुझं बघून मागचे चार जण उतरणार. शिवाय रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग असते. निवांत बोलणं तिथं होत नाही. फुलं बघायला खुशाल या, हे काम दुसरीकडं करा.

माहुलीकर
सगळे जागेवर बोलताय, माझा मुद्दा तसाच राहिला. खर्चाचं काय? साडेअकरा हजार ही अंगठीची रक्कम नाही रे, ती तुझ्या परीक्षेच्या फॉर्मची आणि पुण्याला मुलाखतीला जायच्या भाड्याची आहे.

यवतेश्वरचा वारा
काका, एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. आमची जात वेगळी आहे. नोकरी लागली तरी तिच्या घरून होकार येईलच असं नाही. म्हणून वर्षभर थांबून काय बदलेल, हे मला कळत नाही. आणि कुणीतरी सांगितलं की अशा लग्नाला महिनाभर आधी नोटीस लावावी लागते, ती घरी कळणारच.

कोर्टाच्या पायरीवरून
नोटिशीचा घोळ बरेच जण करतात. तीस दिवसांची नोटीस 1954 च्या विशेष विवाह कायद्यात आहे. तुम्ही दोघं हिंदू असाल तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं लग्न करता येतं, जात आड येत नाही आणि ती नोटीसही लागत नाही. वयाची अट मुलाला 21, मुलीला 18. तुम्ही दोघंही त्यात बसता. पण पळून जायचं मनात असेल तर आधी तिच्याशी बोल. कायदा पुढचा विषय आहे.

माहुलीकर
जात वेगळी असेल तर माझं मत थोडं बदलतं. नोकरीनं सगळं सुटणार नाही, हे मान्य. तरी सांगतो, पायावर उभा असलेला मुलगा दारात आला तर बापाला नाही म्हणताना दोनदा विचार करावा लागतो. मी केला असता.

यवतेश्वरचा वारा
सगळं दोनदा वाचलं. ताई, तुमची गॅदरिंगची गोष्ट वाचून मी मित्रांना फोन करून बेत रद्द केला. ते नाराज झाले, होऊ देत. येत्या गुरुवारी प्रॅक्टिकल लवकर सुटतं. तिची कोरेगावची गाडी साडेपाचला असते, मध्ये दोन तास मिळतात. चार भिंतींच्या टेकडीवर जाऊ. आधी मावशीचं काय करायचं ते तिलाच विचारणार. मग माझं सांगणार, नोकरी नाही, दोन वर्षं लागतील, हेही. तिनं वेळ मागितला तर तुळशीच्या लग्नाचा विषय मी काढणार नाही. अंगठी घेतलीच नाही अजून.

कराडची वहिनी
अंगठी नको, पण मोकळ्या हातानं जाऊ नकोस रे. पोवई नाक्यावरून अर्धा पाव कंदी पेढे घे. आणि ती हो म्हणाली तर मग एक फोटो काढच, दोघांपुरता.

शाहूपुरीची ताई
फोटो तिला विचारून.